‘ये ओल्ड’ मधला ‘ये’ : जुन्या इंग्रजीतील चुकीची वाचली गेलेली अक्षरे आणि शब्द

दप्तरदार :

माझी भाची सध्या नॉटिंगहॅमला शिकते. मागच्या आठवड्यात तिने घरच्या ग्रुपवर तिथल्या एका पबचे छायाचित्र पाठवले. किल्ल्याच्या कड्याला पाठ लावून उभी असलेली पांढरी इमारत, भिंतीवर ठळक आकड्यांत ११८९ हे साल आणि नाव ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’. त्या सालाला कागदोपत्री आधार नाही, पण तो मुद्दा सध्या बाजूला ठेवू. आमच्या मेहुण्यांनी तत्काळ खुलासा केला की पूर्वीचे इंग्रज ‘द’ ऐवजी ‘ये’ म्हणत असत. त्यावर तिघांनी अंगठा दाखवला आणि विषय संपला.

वस्तुस्थिती अशी आहे की ‘द’ या अर्थाने ‘ये’ असा उच्चार इंग्लंडात कोणत्याही काळी होत नव्हता. पाटीवर जे अक्षर आपण ‘वाय’ म्हणून वाचतो, ते मुळात ‘वाय’ नाहीच. ते ‘थॉर्न’ नावाच्या एका वेगळ्याच अक्षराचे बदललेले रूप आहे. रोमन लिपी ख्रिस्ती धर्मप्रसारकांबरोबर इंग्लंडात आली, तेव्हा ‘थिंक’ आणि ‘दिस’ या शब्दांच्या आरंभी येणाऱ्या ध्वनींसाठी, म्हणजे जिभेचे टोक वरच्या दातांना लावून हवा सोडत काढायच्या ध्वनींसाठी, लॅटिनमध्ये अक्षर नव्हते. (आपल्याकडेही नाही. आपण ‘थ’ आणि ‘द’ लिहून वेळ मारून नेतो.) ही उणीव भरून काढण्यासाठी लेखनिकांनी रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतले अक्षर उचलले. उभा दांडा, तो वर आणि खाली दोन्हीकडे बाहेर आलेला, आणि मध्यावर उजवीकडे फुगलेले पोट, असे ते दिसे. छोटा ‘बी’ आणि छोटा ‘पी’ एकमेकांवर ठेवले तर जी आकृती होईल, ती म्हणजे थॉर्न.

पुढे शेकडो वर्षे घाईने लिहिता लिहिता या पोटाचे वरचे टोक दांड्यापासून सुटले, दांड्याची वरची बाजू आखूड झाली आणि चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत अनेकांच्या हस्ताक्षरात थॉर्न आणि ‘वाय’ हुबेहूब सारखे दिसू लागले. त्यानंतर छपाई आली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. ही विद्या आणि तिचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेले होते आणि तिकडच्या भाषांना थॉर्नची गरज नसल्यामुळे खिळ्यांच्या पेटीत तो नव्हता. छापणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी ‘टी’ आणि ‘एच’ जोडून काम भागवले, पण ओळीत जागा कमी पडली की ‘वाय’चा खिळा लावून त्याच्या डोक्यावर बारीक ‘ई’ बसवायचा, हा संक्षेप पुष्कळ काळ चालू राहिला. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्या आवृत्तीतही तो तुरळक सापडतो. त्या काळचा वाचक ते चिन्ह पाहून ‘द’ असेच वाचत होता. पुढे संक्षेप वापरातून गेला, वाचण्याची रीत विसरली गेली आणि एकोणिसाव्या शतकात जुनेपणाचा देखावा करायची हौस आल्यावर दुकानदारांनी पाट्यांवर चक्क ‘वाय-ई’ रंगवून घेतले. ‘ओल्ड’च्या शेपटीला लावलेला मुका ‘ई’ही त्याच हौसेचा.

माझे म्हणणे एवढेच आहे की यात पूर्वजांची चूक काहीही नाही. आजच्या डोळ्यांनी कालचे अक्षर वाचले, ही चूक आपली आहे. अशी आणखी उदाहरणे सभासदांना ठाऊक असतील तर त्यांनी येथे लिहावीत.

---

पेन्शनर शिक्षिका :

उत्तम धागा. एक पायाभूत गैरसमज आधीच दूर केलेला बरा. आपल्याकडे शेक्सपिअरच्या भाषेला सर्रास ‘जुने इंग्रजी’ म्हटले जाते. मी स्वतः वर्गात अनेक वर्षे तसे म्हणत आले, हे प्रांजळपणे सांगते. प्रत्यक्षात भाषाशास्त्रात जुने इंग्रजी म्हणजे साधारण पाचव्या शतकाच्या मध्यापासून बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंतची भाषा. त्यानंतर पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मध्य इंग्रजी, आणि शेक्सपिअर त्याच्याही नंतरचा, म्हणजे आधुनिक इंग्रजीच्या पहिल्या टप्प्यातला. शेक्सपिअर आपल्याला अडखळत का होईना समजतो. खरे जुने इंग्रजी आजच्या इंग्रज माणसाला शिकल्याशिवाय एक ओळही कळत नाही. संगणकावर ‘ओल्ड इंग्लिश’ या नावाने जो टोकदार, जाड वळणाचा टंक मिळतो, त्याचाही जुन्या इंग्रजीशी संबंध नाही. ते वळण बाराव्या शतकापासून पुढे रूढ झाले, म्हणजे ती भाषा सरता सरता.

---

अनुस्वार :

दप्तरदार, लेख आवडला, पण एक दुरुस्ती सुचवतो. ‘खिळा नव्हता म्हणून वाय आला’ असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते आणि आपल्याही लेखातून तसाच ग्रह होऊ शकतो. छपाईने हा घोटाळा निर्माण केला नाही, तो पक्का केला. कॅक्स्टनच्या आधीच हस्तलिखितांत दोन्ही अक्षरे एकरूप झाली होती, इतकी की काही लेखनिक खऱ्या ‘वाय’च्या डोक्यावर टिंब देत असत, म्हणजे वाचणाऱ्याला फरक कळावा. छापणाऱ्याच्या हाती ‘वाय’ आला तो डोळ्याला सवयीचा होता म्हणूनच.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. इंग्रजीत ‘ये’ नावाचा एक शब्द खरोखरच होता आणि त्याचा उच्चार ‘य’नेच होत होता, परंतु त्याचा अर्थ ‘द’ नव्हे, ‘तुम्ही’. तो अनेकवचनी सर्वनामाचा कर्तारूप होता. ‘यू’ हे त्याचे कर्मरूप, म्हणजे ‘तुम्हांला’. पुढे कर्मरूपानेच कर्त्याची जागा बळकावली. या ‘ये’चे नाते थेट संस्कृतमधल्या ‘यूयम्’शी आहे, आणि एकवचनी ‘दाऊ’चे ‘त्वम्’शी, म्हणजेच आपल्या ‘तू’शी. म्हणजे कागदावर सारखेच दिसणारे दोन ‘ये’ आहेत. त्यांतला एक खरा आणि आपल्या नात्यातला, दुसरा निव्वळ दृष्टिभ्रम.

---

मुंबईकर जुना :

‘दाऊ’ हे आदरार्थी होते ना? चर्चमधल्या प्रार्थनेत देवाला ‘दाऊ’ म्हणतात, लग्नाच्या शपथेत त्याचे कर्मरूप ‘दी’ येते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तरी हे फार सन्मानाचे शब्द आहेत असेच शिकवले होते.

---

अनुस्वार :

नेमके उलटे. ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’. लहान मुलाला, नोकराला, जिवलगाला आणि ज्याचा अपमान करायचा आहे त्याला ‘दाऊ’ म्हणत. फ्रेंचांच्या प्रभावाने तेराव्या शतकापासून वरिष्ठ माणसाला अनेकवचन लावण्याची चाल इंग्रजीत शिरली आणि आपल्या ‘तुम्ही’सारखेच ‘यू’ हे आदराचे झाले. १६०३ साली सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्यात सरकारी बाजू मांडणारे सर एडवर्ड कोक भर न्यायालयात संतापून ‘मी तुला अरे-तुरेच करणार, अरे राजद्रोह्या’ या अर्थाचे वाक्य बोलले होते आणि त्यात ‘दाऊ’ हा शब्द त्यांनी क्रियापद म्हणूनही वापरला. आपल्याकडे ‘अरे-तुरे करणे’ असतेच की. त्याच शतकात क्वेकर पंथाचे लोक, देवापुढे सर्व माणसे सारखी, या तत्त्वाने न्यायाधीशांनाही ‘दाऊ’ म्हणू लागले आणि त्यापायी त्यांनी पुष्कळ रोष ओढवून घेतला.

देवाच्या बाबतीतला उलगडा मराठी माणसाला वेगळा करून सांगायला नको. आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो आणि साहेबांना ‘आपण’. घराघरांत आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ चालत आले आहे. शिवाय बायबलच्या भाषांतरकारांनी हिब्रू आणि ग्रीकमधले एकवचन-अनेकवचन काटेकोर पाळले, म्हणून त्या ग्रंथात ‘दाऊ’ देवालाही आहे आणि सैतानालाही. बोलण्यातून ‘दाऊ’ निघून गेला, केवळ प्रार्थनेत उरला आणि मग ज्याला त्याला तो भारदस्त वाटू लागला.

---

मुंबईकर जुना :

अहो-जाहोचा असा उलटा प्रवास माहीत नव्हता. आभार. कॉन्व्हेंटच्या सिस्टरना आता कळवता येणार नाही.

---

रायबंदर :

खिळ्यांच्या पेटीमुळे भाषेचे रूप ठरण्याचा अनुभव आमच्या गोव्याने घेतलेला आहे, आणि त्यात एक इंग्रजच मध्यस्थ होता. विल्टशायरमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी रोमन. स्टीफन्स यांची इच्छा देशी अक्षरांत छापण्याची होती. १६०८ च्या पत्रात त्यांनी अडचण मांडली आहे की या लिपीची अक्षरे जोडून होत असल्यामुळे साचे सहाशेच्या घरात लागतील आणि युरोपात तर चोवीस अक्षरांवर काम होते. सहाशे साचे काही आले नाहीत. त्यामुळे पोर्तुगीज वळणाच्या रोमन अक्षरांत मराठी ओवी छापली गेली.

आता दप्तरदारांच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटी येणारा ‘एम’ हा ‘म’ नसतो, तो आधीच्या स्वराचा अनुनासिक उच्चार दाखवतो, म्हणजे व्यवहारात तो आपला अनुस्वार. ‘सांगें’, ‘केपें’, ‘दिवचली’ यांच्यासारख्या गावांची नावे पोर्तुगीजांनी शेवटी ‘एम’ लावून लिहिली ती याच पद्धतीने. नंतर इंग्रजी शिकलेल्या डोळ्यांनी ती वाचली आणि ‘सांगेम’, ‘केपेम’, ‘बिचोलिम’ तयार झाले. ‘पणजीं’चे ‘पंजिम’ झाले तेही असेच. बसच्या पाटीवर इंग्रजीत ‘एम’ आणि त्याखाली देवनागरीत ‘सांगे’ असे दोन्ही असते. मुंबई-पुण्याचे पाहुणे वरचे वाचतात, आणि कंडक्टर खालचे ओरडतो. एकदा एक गृहस्थ मडगावच्या स्टँडवर ‘सांगेम’च्या बसची वाट पाहत दोन सांगे-बस सोडून देताना मी स्वतः पाहिले आहेत.

‘एक्स’चेही तेच. पोर्तुगीज वळणात ‘एक्स’ म्हणजे ‘श’. कोकणीच्या रोमन लेखनात तो आजही तसाच वापरला जातो आणि बाहेरचा माणूस त्याला ‘क्ष’ समजतो.

---

दप्तरदार :

रायबंदर, ‘सांगेम’ हे माझ्या थॉर्नपेक्षाही चोख उदाहरण आहे. अनुस्वार, आपली दुरुस्ती मान्य.

‘एक्स’वरून आठवले. ‘एक्समस’ लिहिले की ख्रिस्ताचे नाव गाळले म्हणून दरवर्षी कुणीतरी रागावते. तो ‘एक्स’ म्हणजे ग्रीक ‘खी’ हे अक्षर, ग्रीक लिपीतल्या ‘ख्रिस्तोस’चे आद्याक्षर. ख्रिस्ताचे नाव अशा ग्रीक अक्षरांनी संक्षेपात लिहिण्याची रीत इंग्लंडात जुन्या इंग्रजीच्या काळापासून, म्हणजे अकराव्या शतकातही दिसते, आणि ती लिहिणारे मठातले भिक्षूच होते.

---

कागदकिडा :

मी जुन्या छापील पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती वाचतो, त्यामुळे मला सर्वांत जास्त छळणारे अक्षर म्हणजे लांब ‘एस’. सतराव्या-अठराव्या शतकातले कोणतेही इंग्रजी पुस्तक उघडा. जॉन फ्रायरचे १६९८ सालचे प्रवासवर्णन आपल्या वाचकांना जवळचे, कारण त्यात सुरत, मुंबई आणि जुन्नर आहेत. पहिल्याच पानावर असे वाटते की हा मनुष्य ‘स’ ऐवजी ‘फ’ बोलत होता. ‘सच’च्या जागी ‘फच’, ‘सेम’च्या जागी ‘फेम’. संगणकाने मजकूर ओळखण्याचे काम केले की तोही हेच करतो, आणि त्यामुळे शोधखिडकीत शब्द घालूनही पान सापडत नाही.

तो ‘एफ’ नाही. भिंगाखाली पाहिले तर ‘एफ’ची आडवी रेघ दांड्याला छेदून उजवीकडे जाते, आणि लांब ‘एस’ला एक तर रेघच नसते किंवा डावीकडे एवढासा कोंब असतो. नियम ढोबळमानाने असा होता की शब्दाच्या आरंभी आणि मध्ये लांब ‘एस’, शेवटी आखूड. मोठ्या लिपीतल्या ‘एस’ला हा नियम लागू नाही. म्हणून विशेषनामे बचावली. शब्दाच्या शेवटी दोन ‘एस’ जोडून आले की बहुधा पहिला लांब आणि दुसरा आखूड. १८०० च्या आसपास इंग्रजी छपाईतून हे अक्षर काही वर्षांतच दिसेनासे झाले. त्याचा उच्चार मात्र पहिल्यापासून ‘स’च होता, बोबडेपणाचा आरोप खोटा.

---

पेन्शनर शिक्षिका :

थॉर्नचे एक भावंड ‘योघ’. तीनच्या आकड्यासारखे दिसणारे हे अक्षर ‘य’ किंवा घशातल्या ‘ख’सारखा उच्चार दाखवण्यासाठी मध्य इंग्रजीत वापरत. ‘नाइट’मध्ये आज जे मुके ‘जी-एच’ मुलांना छळतात, ते याच अक्षराच्या जागी बसलेले आहेत, आणि एके काळी त्यांचा उच्चार होत होता. स्कॉटलंडमध्ये छापणाऱ्यांनी योघच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा ‘झेड’ लावला. त्यामुळे ‘मेंझिस’ असे लिहिले जाणारे आडनाव स्कॉटलंडात ‘मिंगिस’ असे उच्चारतात आणि ‘डॅलझिएल’चा उच्चार ‘डीएल’ होतो. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांचे आडनाव तिकडे ‘झ’नेच म्हटले जाई, पण त्यांचे टोपणनाव मात्र ‘मिंग’ होते.

---

लेखणीबोरू :

अक्षरांवर पुष्कळ झाले, शब्दांकडे वळू या. जुन्या इंग्रजीतले काही शब्द आपण ओळखीचे म्हणून बिनधास्त वाचतो आणि तिथेच फसतो, कारण चेहरा तोच असला तरी अर्थ पालटलेला असतो.

‘डिअर’ घ्या. जुन्या इंग्रजीत ‘देओर’ म्हणजे कोणताही पशू. पुढे शिकारीचा मुख्य पशू तो हरिण, म्हणून शब्द हरणापुरता आकसला. संस्कृतमध्ये ‘मृग’ या शब्दाचे अगदी असेच झाले आहे. मूळ अर्थ वन्य पशू, म्हणूनच सिंहाला ‘मृगेंद्र’ म्हणतात आणि कोणत्याही शिकारीला ‘मृगया’. सिंह हा हरणांचा राजा कसा, असे शाळेत विचारून मी एकदा छडी खाल्ली होती.

‘मीट’ म्हणजे पूर्वी नुसते अन्न. ‘स्वीटमीट’ या शब्दात तो अर्थ गोठून राहिला. जुन्या मिठाईवाल्यांच्या इंग्रजी पाट्यांवर हा शब्द असे आणि तिथे मांसाचा तुकडाही मिळत नसे.

‘वाइफ’ हा तर मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नसलेला शब्द. जुन्या इंग्रजीत ‘वीफ’ म्हणजे स्त्री, लग्नाचा संबंध असो वा नसो. ‘मिडवाइफ’मध्ये तोच अर्थ आहे. त्यातल्या ‘मिड’चा अर्थ ‘सोबत’, म्हणजे बाळंतिणीसोबत असणारी, आणि ‘वाइफ’ म्हणजे बाई. आपल्या ‘बायको’चे पाहा. एकवचनात ती पत्नी, आणि ‘बायका’ असे अनेकवचन केले की नळावरच्या सगळ्या स्त्रिया. उलट ‘मॅन’ हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही लागू असलेला, मनुष्य या अर्थाचा. पुरुषासाठी वेगळा शब्द ‘वेर’ होता, जो आपल्या ‘वीर’चा सख्खा नातलग. तो ‘वेअरवुल्फ’मध्ये तेवढा उरला. ‘वुल्फ’चे नाते ‘वृक’शी, म्हणजे इंग्रजी भयपटातला तो केसाळ प्राणी कुळाने ‘वीरवृक’ ठरतो.

माझा सर्वांत आवडता शब्द ‘लॉर्ड’. मूळ रूप ‘ह्लाफवेअर्ड’. ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’, आणि ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. पावाचा राखणदार तो लॉर्ड. ‘लेडी’ म्हणजे ‘ह्लाफदिये’, पावाची कणीक मळणारी. तिच्यातला ‘दिये’ हा ‘डो’ म्हणजे भिजवलेली कणीक या शब्दाच्या कुळातला, आणि मळून आकार देणे या अर्थाच्या त्याच मूळ धातूवरून संस्कृतमधला ‘देह’ आला. या घरातल्या आश्रिताला जुन्या इंग्रजी कायद्यात ‘ह्लाफएटा’, पाव खाणारा, असा शब्द आहे. आपल्याकडचा ‘खाल्ल्या मिठाला जागणारा’ त्याच पंगतीतला. हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या सन्माननीय सदस्यांना कुणी भाकरीचे राखणदार म्हटले तर त्यांना काय वाटेल, कोण जाणे.

---

मुंबईकर जुना :

दप्तरदार, मेहुण्यांना सांगितलेत का?

---

दप्तरदार :

सांगितले. ‘पाटीवर वाय आहे, मी वायच वाचणार’ असे उत्तर आले आणि त्याखाली पुन्हा तीन अंगठे. भाचीने मात्र नेमका प्रश्न विचारला आहे. अक्षराला ‘थॉर्न’, म्हणजे काटा, असे नाव का पडले?

---

अनुस्वार :

रून लिपीत प्रत्येक अक्षराला त्या ध्वनीने सुरू होणाऱ्या शब्दाचे नाव असे, जसे आपण मुलांना ‘ग गणपतीचा’ शिकवतो. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांत याच अक्षराचे नाव ‘थुर्स’, म्हणजे राक्षस, असे होते. इंग्लंडात त्याचा काटा झाला. जुन्या ‘त’च्या जागी जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत हा हवा घासून निघणारा ‘थ’ येतो, म्हणून ‘त्रि’ला ‘थ्री’, ‘तनु’ला ‘थिन’, ‘तद्’ला ‘दॅट’. त्याच नियमाने ‘थॉर्न’ या शब्दाचे संस्कृत भावंड आहे ‘तृण’. एकाच मुळातून तिकडे काटा झाला आणि इकडे गवताची काडी.

भाचीला हेही कळवा की अक्षर मेलेले नाही. आइसलँडच्या वर्णमालेत ते आजही आहे आणि तिथल्या संगणकाच्या कळफलकावर त्याची स्वतंत्र कळ असते.